बडोद्याचं कॉन्व्हेंट आणि शिवणाची फाईल

सुरसागर (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात आईचं दांडिया बाजारातलं घर आवरायला घेतलं. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, दिवाळीच्या पणत्या आणि बाबांच्या जुन्या पासबुकांच्या खाली, माझी शाळेतली शिवणाची फाईल निघाली. आठवीची, १९८१ सालची. खाकी पुठ्ठा, बुटाच्या नाडीनं बांधलेला. आत मांजरपाटाचे चौकोन टाचण्यांनी लावलेले, टाचण्या गंजून कापडात रुतलेल्या. काढायला गेलं तर प्रत्येक टाचणीमागे तपकिरी ठिपका राहतो. प्रत्येक तुकड्याखाली माझ्या अक्षरात टाक्याचं इंग्रजी नाव आणि लाल शाईत दहापैकी मार्क. धावदोरा ७. टीप ६. साखळी ७. हेरिंगबोन ५. काज ४ (काजाचं भोक माझं नेहमी मांजराच्या डोळ्यासारखं व्हायचं). आणि शेवटच्या पानावर बाळाचं झबलं, घडी करून लावलेलं. ९.

शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. फतेगंजच्या अंगाला सिस्टरांची मुलींची शाळा म्हटलं की बडोदेकरांना कळतं, आणि ज्यांना कळत नाही त्यांचं काही अडत नाही.

आमच्या घरात कॉन्व्हेंटवरून महाभारत झालं होतं. आजोबांचं म्हणणं, सयाजीराव महाराजांनी मुलींसाठी एवढ्या शाळा काढल्या त्या काय ओस टाकायला? आत्या, मावशी सगळ्या महाराणी शाळेत गेलेल्या. बाबा म्हणाले, पुढचं जग इंग्रजीचं आहे. मोठी आत्या म्हणाली, पोर मडमीण होणार, गुडघ्यापर्यंतचे फ्रॉक घालून फिरणार. आणि ही होऊ घातलेली मडमीण आठवड्यातून दोन तास काय करत होती, तर झबली शिवत होती! आत्याच्या महाराणी शाळेत सुद्धा एवढं शिवण नसेल.

तेव्हा प्रश्न साधा आहे. इंग्रजीसाठी घातलेल्या शाळेत इतकं शिवण का होतं? फक्त आमच्याच शाळेत होतं की सगळ्याच कॉन्व्हेंटांत? आणि कुणाकडे अशा फायली शिल्लक आहेत का?

दांडियाबाजारकर

पहिला मान माझा! मी रोझरीचा, म्हणजे मुलांच्या शाळेचा. आमच्याकडे शिवण नव्हतं, सुतारकाम होतं का ते आठवत नाही, पट्टी मात्र भरपूर होती. पण माझ्या दोन्ही बहिणी तुमच्याच शाळेत. त्यांच्या फायली पूर्ण करायला आई, आजी, शेजारच्या पटेलबेन, सगळं खातं कामाला लागायचं. सबमिशनच्या आदल्या रात्री आमच्या घरी स्वयंपाक व्हायचा नाही, शेव उसळ यायची. मला तरी शिवणाबद्दल तक्रार नाही.

झबल्याला ९ आणि काजाला ४? ताई, खरं सांगा ने, झबलं कोणी शिवलं?

सुरसागर

मीच शिवलं. बहुतेक.

काळ्या_घोड्याखाली

अगं बाई, तू मला दोन वर्षं सीनियर असणार! शिवणाची खोली आठवते? खालच्या मजल्यावर, बागेच्या बाजूची, लांब टेबलं, कडेला पाच पायमशीनी आणि त्यातल्या तीनच चालणाऱ्या. मशीनला हात लावायला नववीत मिळायचा. तोवर फक्त हातानं. मॅटीच्या जाळीदार कापडावरचा क्रॉस स्टिच सगळ्यांना आवडायचा कारण त्यात घरं मोजायची असतात, डोकं लावावं लागत नाही. अँकर दोऱ्याच्या लडीतले सहा पदर सुटे करून दोनच पदर सुईत ओवायचे. तीन ओवले की सिस्टरांना तीन टेबलं लांबून कळायचं.

आणि एक गंमत. आमच्या शिवणाच्या सिस्टर केरळच्या होत्या. वर्गात त्यांचं इंग्रजी कडक, वाकडा शब्द चालायचा नाही. पण आमच्यातल्या एखादीचा चुकलेला टाका उसवून स्वतः दाखवायला बसल्या की ओठातल्या ओठात मोजायच्या, ओन्न, रण्ड, मून्न, नाल. आम्ही मुली खाली मान घालून हसायचो. आता लक्षात येतं, मी बँकेत बत्तीस वर्षं काढली आणि नोटा मोजताना आजही एक, दोन, तीनच म्हणते. समोरचा गिऱ्हाईक गुजराती, कामकाज इंग्रजीत, आणि मोजणी मराठीत.

सुरसागर

मून्न!!! हे मी पार विसरले होते. आम्ही त्यांना मागे 'मून्न मॅडम' म्हणायचो.

सायकलची वाट आठवते? दांडिया बाजारातून निघायचं, विश्वामित्रीचा पूल. पावसाळ्यात पुलावर हटकून थांबायचं, मगर दिसते का बघायला. मग काळा घोडा, कमाटीबागेचं फाटक, पुढे कॉलेजचा घुमट. घुमट दिसला की घड्याळ बघायची गरज नसायची. घुमटाशी घंटा ऐकू आली म्हणजे उशीर झालाच.

निवृत्त_मास्तर

सुरसागर यांच्या प्रश्नाला थोडं लांबचं उत्तर आहे. घाई असेल त्यांनी पुढच्या प्रतिसादावर जावं.

तुमची शाळा ज्या सिस्टरांची, ती संस्था 'जीझस अँड मेरी' असं मी धरून चालतो. ही संस्था मूळची ल्यों शहरातली, आपण लिऑन म्हणतो ते, फ्रान्समधलं. ल्यों म्हणजे रेशमाचं गाव. आपल्याकडे पैठण किंवा येवलं म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं, त्याच्या शंभरपट. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा जकार्डचा माग तिथलाच (आयटीवाल्यांनी लगेच उड्या मारू नयेत, संगणकाच्या पंचकार्डाचा तो पणजोबा आहे हे मला माहीत आहे).

या गावात १७७४ साली एका रेशीम व्यापाऱ्याच्या घरी क्लोदीन तेवने जन्मली. घरचे तिला ग्लाडी म्हणत. फ्रेंच राज्यक्रांतीत ल्योंनं पॅरिसच्या सरकारविरुद्ध बंड केलं, १७९३ मध्ये शहराला वेढा पडला, शहर पडलं आणि मग सूड सुरू झाला. क्लोदीनचे दोन भाऊ पकडले गेले. जानेवारी १७९४ मध्ये त्यांना गोळ्या घातल्या, तिच्या डोळ्यांदेखत. जाताना भावांनी तिला सांगितलं की आम्ही क्षमा केली आहे, तूही कर. ती तेव्हा एकोणीस वर्षांची. त्या धक्क्यानं तिची मान थरथरायची, ती जन्मभर थरथरत राहिली.

पुढे वीस-बावीस वर्षांनी आंद्रे क्वांद्र नावाच्या तरुण पाद्र्याला चर्चच्या दाराशी थंडीनं कुडकुडणाऱ्या दोन बेवारस मुली सापडल्या. त्या मुलींची व्यवस्था क्लोदीननं केली. तिथून सुरुवात. १८१६ मध्ये मैत्रिणींचं मंडळ, आणि ६ ऑक्टोबर १८१८ रोजी प्रत्यक्ष संस्था. आता लक्ष द्या. पहिल्या घरात सामान काय होतं? एक अनाथ मुलगी आणि रेशमाचा एक माग. फळा नव्हता, पुस्तकांचं कपाट नव्हतं.

रस्त्यावरच्या मुलीला नुसती प्रार्थना शिकवून तिचं पोट भरणार नाही, तिच्या हातात कसब हवं, हा त्या बाईचा हिशोब. मुली अक्षरओळख शिकत, धर्म शिकत आणि विणत. शिवाय स्वयंपाक, शिवण, घरखर्च लिहिणं. पुढे फुर्व्हियेरच्या टेकडीवर एकीकडे ही अनाथ मुलींची शाळा आणि दुसरीकडे पैसेवाल्यांच्या मुलींसाठी वसतिगृहाची शाळा, अशी दोन अंगं झाली. सुईदोरा दोन्हीकडे. फरक एवढाच की एकीकडे पोटासाठी, दुसरीकडे वळण म्हणून.

क्लोदीन १८३७ मध्ये वारली. पाचच वर्षांनी, १८४२ च्या जानेवारीत, तिच्या सहा सिस्टर हिंदुस्थानला निघाल्या. सुएझचा कालवा व्हायला अजून सत्तावीस वर्षं होती. नोव्हेंबरात त्या आग्र्याला पोचल्या. आग्र्याची शाळा त्याच वर्षी, मसुरी १८४५, सिमला १८६४, दिल्ली १९१९. मधल्या काळात लाहोर, पुणे, मुंबई. तुमच्या शिवणाच्या खोलीत त्या ल्योंच्या मागाचा धागा आला असेल तर तो असा फिरत आला.

दांडियाबाजारकर

मास्तर, दंडवत. बहिणीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "फाउंड्रेस डेला गोड मिळायचं एवढंच आठवतं."

चटकचांदणी

मास्तर, छान लिहिलंत, पण जरा गोड गोड वाटलं. अनाथ पोरींना मागावर बसवायचं, रेशीम विकायचं, आणि वर पुण्य. याला हल्ली आपण वेगळं नाव देतो. आणि बडोद्यात झबली शिवून घ्यायची ती कशासाठी? चांगली सून तयार करण्यासाठीच ना? मुलांच्या शाळेत सुई का नव्हती? रोझरीवाल्यांनी वर उत्तर दिलंच आहे, त्यांना शेव उसळ मिळत होती.

निवृत्त_मास्तर

तुमचा आक्षेप नवा नाही, ल्योंच्या विणकरांनी तो आधीच घेतलाय, आणि तोही हातोड्यानं. १८३१ आणि १८३४ मध्ये तिथल्या रेशीम कामगारांची मोठी बंडं झाली, मजुरीचे दर हा मूळ मुद्दा. मग १८४८ च्या क्रांतीत विणकर अशा धर्मादाय आश्रमांत घुसले आणि तिथले माग मोडून टाकले. तक्रार हीच: आश्रमातल्या पोरी स्वस्तात विणतात, त्यानं आमचे दर पडतात. म्हणजे सिस्टरांनी मुलींना कसब दिलं हे खरं, आणि त्या कसबाची बाजारात किंमत होती, त्यावरून भांडण झालं हेही खरं. दोन्ही सांगायला हवं होतं, मी एकच सांगितलं. मान्य.

दुसरा मुद्दा, सून तयार करण्याचा. तो फक्त सिस्टरांच्या माथी मारू नका. बडोद्यातच बघा. महाराणी चिमणाबाईंनी १९१४ साली स्त्री उद्योगालय काढलं, त्यातही शिवण होतंच. याच बाईंनी बायकांच्या समाजातल्या स्थानावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, पडदा सोडला, आणि १९२७ साली पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्ष झाल्या. त्यांना सुनांचा कारखाना काढायचा नव्हता.

सुरसागर

चिमणाबाई उद्योगालय! मास्तर, तुम्ही नेमकं तिथे बोट ठेवलंत.

माझी आई उद्योगालयात शिवण शिकली. लग्नाआधी, साधारण १९५६-५७ मध्ये. तिची शाळा सातवीनंतर सुटली होती, मागे चार भावंडं. उद्योगालयात जायला मात्र तिच्या वडिलांची ना नव्हती, कारण तिथे फक्त बायका. पुढे माझ्या जन्माच्या वेळी बाबांची नोकरी काही महिने गेली तेव्हा घर आईच्या मशीननं चाललं, ब्लाऊज आणि परकर शिवून. हे आमच्या घरी कुणी मोठ्यानं बोलत नाही. मी बोलतेय कारण इथे मला कुणी ओळखत नाही. (काळा घोडा ओळखते असं वाटायला लागलंय.)

त्यामुळे चटकचांदणी, सुई म्हणजे सासर असं मला सरसकट म्हणवत नाही. पण माझ्या बाबतीत तुझं बरोबर असेल. मला सुईची गरज कधीच पडली नाही. मी आयुष्यभर टेलरला 'जरा सैल ठेवा' एवढंच सांगत आले.

चटकचांदणी

हे वाचून मी जरा नरमले. जराच.

पण मुलांना सुई द्यायला हवी होती हे माझं कायम.

दांडियाबाजारकर

शर्टाचं बटण लावता येतं हो मला. दोरा तिरका येतो एवढंच.

वकीलकाका

विषय शिवणाचा आहे, तरी आमच्या धंद्याची एक गोष्ट सांगतो, कारण मराठी मुली या शाळेत जाऊ शकल्या तेच मुळात एका खटल्यामुळे.

बडोदे संस्थान १ मे १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, आणि १ मे १९६० ला गुजरात होईपर्यंत आपण मुंबई सरकारच्या हुकमाखाली होतो. मुंबई सरकारनं ६ जानेवारी १९५४ ला एक आदेश काढला: ज्यांची भाषा इंग्रजी, म्हणजे अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाचे नसलेले नागरिक, त्यांच्याशिवाय कुणालाही इंग्रजी माध्यमाच्या वर्गात नवा प्रवेश द्यायचा नाही. हेतू मातृभाषेचा होता, परिणाम असा की जोशी, पटेल, परेरा, सगळ्यांना दार बंद. देवळालीचं बार्न्स हायस्कूल आणि दोन पालक कोर्टात गेले. मुंबई हायकोर्टानं आदेश रद्द केला, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि २६ मे १९५४ ला तिथेही हरलं. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात: सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत केवळ भाषेवरून प्रवेश नाकारता येत नाही, घटनेचं २९ वं कलम. गंमत बघा, भाषेच्या अभिमानासाठी काढलेला आदेश भाषेवरून भेद होतो म्हणून पडला.

दुसरी गोष्ट जास्त आपली. गुजरात झाल्यावर गुजरात विद्यापीठानं कॉलेजात गुजराती-हिंदी माध्यमाचा आग्रह धरला. मराठी माध्यमातून एसएससी झालेल्या एका मुलाला अहमदाबादच्या कॉलेजात इंग्रजी वर्गात बसायचं होतं. इंग्रजी मातृभाषा नाही म्हणून अडवलं. वडील कोर्टात गेले, आणि सप्टेंबर १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकले. विद्यापीठाला एकच माध्यम लादण्याचा अधिकार कायद्यानं दिलेला नाही, असा निकाल. गुजरातेतल्या मराठी घरांना इंग्रजी शाळेचं आकर्षण का, याचं अर्धं उत्तर इथे आहे. मराठी शिकून गुजरातेत पुढचा रस्ता अरुंद, गुजराती शिकलो तर आजी रुसते. मग इंग्रजी, म्हणजे कुणीच जिंकलं नाही.

काळ्या_घोड्याखाली

काका, शेवटचं वाक्य माझ्या वडिलांचंच. ते शब्द वेगळे वापरायचे, इथे लिहिण्याजोगे नाहीत.

आणि मराठी कशी टिकली ते सांगू? हिंदीच्या तासामुळे. शाळेत मराठी नव्हतीच. इंग्रजी, गुजराती, हिंदी, नंतर संस्कृत. हिंदीमुळे देवनागरी हातात आली आणि तिच्या जिवावर मी सुट्टीत आजीची मासिकं वाचायला लागले. गुजरातीत डोक्यावर रेघ नाही, हिंदीत आहे. माझ्या वहीत कित्येकदा गुजराती निबंधावर चुकून रेघ मारलेली असायची आणि बेन ती लाल पेनानं एकेक अक्षरावरून खोडायच्या.

आणंदकडची

मी तुमच्या शाळेची नाही, बडोद्याचीही नाही. दुसऱ्या गावातल्या दुसऱ्याच एका इंग्रजी शाळेत होते, नाव घेत नाही. तिथे मातृभाषेत बोललं तर पंचवीस पैसे दंड. मॉनिटरच्या डायरीत नाव. मी आणि माझी चुलत बहीण एकाच वर्गात, घरून निघताना मराठीत चाललेली गोष्ट फाटकाशी आली की अर्धवट तोडायची. मग मधल्या सुट्टीत संडासाच्या मागे जाऊन पूर्ण करायची. एका सत्रात माझे साडेचार रुपये गेले. म्हणजे अठरा वेळा. आईनं ते पैसे दिले, एक शब्द बोलली नाही, आणि पुढच्या सत्रापासून घरात आमच्याशी मोडकंतोडकं इंग्रजी बोलायला लागली. आम्ही पकडले जाऊ नये म्हणून. ते मला दंडापेक्षा जास्त लागलं.

शिवण आमच्याकडेही होतं. शिवणाच्या तासाला दंड लावत नसत, का कोण जाणे. दातांत दोरा धरलेला असतो म्हणून बोलणं ऐकू येत नसेल.

सुरसागर

आणंदकडची, आईचं वाचून थांबले थोडा वेळ.

निर्मळ

वसईची आहे. लग्न होऊन बडोद्याला. कॅथलिक आणि मराठी, दोन्ही एकदम, हे समोरच्याला पचायला इथे वीस वर्षं लागली. "तुम्ही गोव्याच्या?" नाही. "मग मंगलोरच्या?" नाही हो. घरात आमची कादोडी बोली, चर्चमध्ये मराठी.

एक दुरुस्ती करावीशी वाटते. वरच्या प्रतिसादांत कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी आणि आपण म्हणजे मराठी असं एक चित्र झालंय. चर्चमध्ये या बघायला. इथल्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, निम्मी माणसं चरोतरची, खेडा-आणंदकडची गुजराती कॅथलिक कुटुंबं. त्यांची भजनं गुजरातीत, मंजिरे-ढोलक घेऊन. पूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. १९६२ ते ६५ ची व्हॅटिकन परिषद झाली आणि त्यानंतर लोकांच्या भाषेत करायला मोकळीक मिळाली. बऱ्याच सिस्टर झग्यातून साडीत आल्या त्याही त्यानंतर. म्हणजे तुम्ही शाळेत 'इंग्रजीत बोला' ऐकत होता तेव्हा त्याच आवाराच्या पलीकडे चर्च इंग्रजी-लॅटिन सोडून गुजराती शिकत होतं. फी भरणाऱ्या आईबापांना इंग्रजी हवं होतं, सिस्टर ते देत होत्या. आमच्या चरोतरच्या शेजारणीच्या मुलींना त्याच इंग्रजीची धास्ती वाटायची, त्या गुजराती शाळेत गेल्या.

मॉरल सायन्सचा तास आठवतो का कुणाला? तुम्ही हिंदू-मुसलमान मुली मॉरल सायन्सला, आमच्या कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाला. परीक्षा मात्र आमची अवघड.

काळ्या_घोड्याखाली

मॉरल सायन्समध्ये मला नेहमी पैकीच्या पैकी. 'खरं बोलावं' असं लिहायचं असायचं, बोलायचं नसायचं.

निर्मळ, हे चरोतरचं खरंच कधी डोक्यात आलं नव्हतं. वर्गात दोन मुली होत्या तिकडच्या, आम्ही त्यांना नुसत्या गुजराती समजायचो.

दांडियाबाजारकर

अवांतर: वर दिल्लीच्या शाळेचा उल्लेख आला. आंग सान सू ची तिथल्याच विद्यार्थिनी, आई राजदूत होत्या तेव्हा. आणि बेनझीर भुट्टो कराचीच्या जीझस अँड मेरीच्या. दोघींनी झबली शिवली असतील का, हा शोधाचा विषय आहे.

निवृत्त_मास्तर

तेही शोधा. आणि क्लोदीन तेवने यांना २१ मार्च १९९३ ला संत घोषित केलं, तेही नोंदवून ठेवा. बहिणीला परत गोड मिळायला हवं होतं.

टाकाउसव

मी इतका वेळ गप्प वाचत होते. इतिहास, कायदा, सगळं वाचलं. तीस वर्षं शिवणाचे क्लास घेते (बडोद्यात नाही, इंदूरला). सुरसागर, फाईलचे फोटो टाका. मांजरपाटावरची हातशिलाई बघून चाळीस वर्षं झाली. हल्लीच्या मुली हातशिलाई म्हटल्यावर फॅब्रिक ग्लू विचारतात.

सुरसागर

टाकते. टाचण्या काढल्यावर कापड जरा फाटलं, क्षमस्व. पहिले चार हेरिंगबोन, साखळी, टीप आणि काज (हसू नका). पाचवा साध्या हातशिलाईचा (हेमिंग, कड दुमडून शिवायची ती) तुकडा, ६ मार्क. सहावा झबल्याची खालची कड, उलट बाजूनं, म्हणजे शिलाई दिसेल.

टाकाउसव

काज बघून हसले नाही, असं म्हणते.

आता पाचवा आणि सहावा फोटो शेजारी शेजारी उघडा. हातशिलाईचे टाके तिरके पडतात, बरोबर? पाचव्यात सगळे एका अंगाला कललेत. कमीजास्त लांब, मध्येच दोन एकावर एक, पण कल एकच. झबल्यावर बघा. टाके तांदळाच्या दाण्याएवढे, एका मापाचे, कापडाच्या सुलट बाजूला एकही दिसत नसणार. आणि कल बरोब्बर उलटा. कापड उलटं धरून शिवलंय असं म्हणावं, तर गाठ कुठे आहे आणि दोरा कुठे संपवलाय तेही उलट आहे. उजव्या हाताचं माणूस हातशिलाई उजवीकडून डावीकडे नेतं. झबलं डावीकडून उजवीकडे गेलंय.

तुम्ही डावखुऱ्या आहात का?

सुरसागर

नाही.

दांडियाबाजारकर

मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. नोंद घ्यावी.

काळ्या_घोड्याखाली

अगं बोल की आता!!

सुरसागर

काल संध्याकाळी झबलं घेऊन आईकडे गेले. आई आता ८६ ची. जेवते उजव्या हातानं, लिहायची उजव्या हातानं, लहानपणी डावा हात बांधून तिला ती सवय लावली होती. सुई मात्र डाव्या हातातच राहिली. उद्योगालयातल्या बाईंनी तेवढी सोडून दिली म्हणे, काम चोख आहे ना, मग असू दे. हे सगळं मला माहीत होतं. आयुष्यभर बघितलंय. झबल्याशी जोडलं मात्र कधीच नव्हतं.

मला अंधुक आठवतंय ते एवढंच, की सबमिशनच्या आदल्या रात्री मी टेबलावर डोकं ठेवून झोपले आणि सकाळी झबलं पूर्ण होतं. मीच केलं असणार असं मी तेव्हापासून धरून चालले होते.

आईच्या मांडीवर झबलं ठेवलं. तिनं चष्मा लावला नाही. कड उलटी करून अंगठ्यानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपत नेली. मी म्हटलं, आई, हे तू शिवलं होतंस. ती काहीच बोलली नाही. मग फाईलचं पान डोळ्यांजवळ नेऊन लाल शाई बघितली आणि म्हणाली,

"नऊच दिले?"